‘आसरा’चा आ

कातळबंदर,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय स्वप्ना,

सलाम. हॉस्टेल सोडल्यापासून तुला हाताने लिहिलेलं हे पहिलंच पत्र. फोन असताना मी टपालपेटीपर्यंत का गेले, असं तुला वाटेल. माझा फोन, मेल, सोसायटीतला कॉम्प्युटर, सगळं झुबेरने लावून दिलेलं आहे. मेलचा पासवर्डसुद्धा त्यानेच ठरवला होता. मस्कतला बसून तो त्यातलं काय काय वाचू शकतो, मला कळायला मार्ग नाही. म्हणून कागद. तूही कागदावरच लिही, आणि पाकिटावर सोसायटीचा पत्ता नको, घरचा घाल.

झुबेर म्हणजे माझ्या बिल्किसखालाचा मुलगा. दापोलीला आपल्या हॉस्टेलवर माझ्यासाठी सुक्या बांगड्यांचा डबा घेऊन यायचा आणि जाताना तुझी प्रोग्रामिंगची पुस्तकं घेऊन जायचा, तोच. दोन वर्षांपूर्वी त्याने मी कारकुनी करते त्या मच्छीमार सोसायटीसाठी एक प्रोग्राम लिहिला. बोट निघताना ती हाकणारा तांडेल आपल्या फोनवर बोटीचं नाव आणि परतायची वेळ टाकतो. जेटीला लागला की पुन्हा टाकतो. वेळ टळून तीन तास झाले, की प्रोग्राम आपल्या यादीतून त्या बोटीची माहिती काढतो आणि अख्ख्या बंदराला मेसेज जातो, की अमुक बोट आलेली नाही. मग बाकीच्या बोटी शोधायला निघतात. अशा तीन बोटी आजवर सापडल्या. लोकांना इतकी सवय झाली, की मेसेज नाही म्हणजे बोट सुखरूप.

११ ऑक्टोबरला सकाळी युसुफचाचा स्वतः आपली ‘आसरा’ घेऊन गेले. ती संध्याकाळी यायची होती. बाहेर त्यांचं इंजिन बंद पडलं, वायरलेस लागेना. मेसेज आलाच नाही. सगळ्यांनी धरून चाललं, की मासळी बरी मिळाली असेल, हर्णैला विकायला लागले असतील. १३ तारखेला संध्याकाळी दुसऱ्या बंदराच्या एका बोटीला ती वाहत जाताना दिसली. चौघे होते, तिघे जिवंत. रावजी खलाशी गेला. पाणी संपलं होतं आणि त्याला साखरेचा आजार. त्याला उतरवलं तेव्हा त्याची बायको तुळसा जेटीवरच उभी होती.

आता नीट वाच. उन्हाळ्यात खालाने झुबेरसाठी युसुफचाचांच्या शिफाचं मागणं घातलं होतं. चाचांनी चारचौघांत सांगितलं, की कॉम्प्युटरवर मासे मारणाऱ्याला मी मुलगी देत नाही. झुबेर त्यावर एक शब्द बोलला नाही. २० सप्टेंबरला मस्कतला निघून गेला. आणि तीन आठवड्यांत प्रोग्राम विसरतो कुणाला, तर नव्वद बोटींतल्या युसुफचाचांच्याच बोटीला.

प्रोग्रामची सगळी पानं छापून सोबत जोडली आहेत, अकरा आहेत. त्याने कुठे काय दडवलंय, ते तूच शोधू शकशील. मी रोज बघते. मला सगळं सरळ दिसतं, आणि त्याचीच भीती वाटते.

तुझी,
इफ्फत


खेड,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय इफ्फत,

सप्रेम जयभीम. पत्र परवा मिळालं. रावजींचं वाचून काही वेळ पुढचं पान उलटलं नाही.

काल रविवार होता. तुझी अकराही पानं मी माझ्या कॉम्प्युटरवर अक्षर न् अक्षर उतरवून काढली. प्रोग्राम चालवला, खोट्या वेळा घालून प्रत्येक बोट उशिरा आणली. नव्वदच्या नव्वद बोटींचे मेसेज तयार झाले. ‘आसरा’चाही झाला. पुन्हा चालवला, पुन्हा झाला.

तेव्हा आता मलाच तुला विचारायचं आहे. तू छापलास तो प्रोग्राम आणि ११ ऑक्टोबरला चालत होता तो प्रोग्राम एकच आहे का? मधल्या तीन आठवड्यांत कुणी गुपचूप दुरुस्त तर केला नाही? त्या खोलीची चावी कुणाकुणाकडे असते? राग धरू नकोस. तू मला कुणाचा तरी गुन्हा शोधायला सांगितलास आणि माझ्या हातात एक धडधाकट प्रोग्राम आला, मग शंका येणारच.

झुबेरची लबाडी म्हणावी असं या पानांत मला काही दिसलं नाही. एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. बोटीचं नाव यादीत सापडलं नाही, तर प्रोग्राम काही बोलत नाही, गप्प पुढच्या नावाकडे जातो. हा आळस आहे. पण आळस आणि वैर यांत फरक आहे.

नक्की कळेपर्यंत त्याचं नाव कुणापुढे घेऊ नकोस.

स्वप्ना


कातळबंदर,
१७ नोव्हेंबर २०२४

स्वप्ना,

तुझा शेवटचा सल्ला उशिरा पोचला. सोसायटीच्या सभेत मी आधीच बोलून बसले होते. युसुफचाचांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, की हे यंत्र कुणी बनवलं आणि कुणाला त्यात हात घालता येतो. मी खरं ते सांगितलं. नाव घेतलं, मागण्याचा विषय मी काढला नाही. तो काढायला इतर होते.

त्यानंतर खालाच्या घरी कुणी जात नाही. परवा ती विहिरीवर आली तर बाकीच्या बायका कळशा उचलून निघून गेल्या. तुळसा तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवते. खाला माझ्या अम्मीची सख्खी बहीण, पण अम्मीसुद्धा दोन दिवस तिकडे गेलेली नाही. झुबेरचे मला सहा फोन आले. मी उचलले नाहीत. काय सांगणार तो?

आता तुझ्या प्रश्नांचं. प्रोग्राम तोच आहे. चावी माझ्याकडे आणि चेअरमनकडे. तुझं पत्र आल्यावर मीही सगळं करून पाहिलं. आधी सोसायटीच्या कॉम्प्युटरवरून मी स्वतः ‘आसरा’ टाइप केलं आणि वेळ टळू दिली. मेसेज तयार झाला. मला हायसं वाटलं. मग तांडेल करतात तसं माझ्या फोनवरून तेच नाव टाकलं. काही नाही. बाकी कुठलीही बोट टाकली तर येते, ‘आसरा’ येत नाही. पुन्हा कॉम्प्युटरवरून टाकलं, आली. फोनवरून, नाही.

म्हणजे मी समोर बसून टाकलं की तो ओळखतो, आणि तांडेल समुद्रावरून टाकेल तेव्हा डोळे मिटतो. साध्या चुकीला एवढी अक्कल असते का, सांग मला. आणि तुझ्याकडे तो शहाण्यासारखा वागतो, इथे नाही.

आणखी एक विचारते. झुबेरने तुला फोन केला होता का? तुझ्या पत्रात तू त्याची बाजू इतक्या लवकर घेतलीस, की मला राहवलं नाही. खरं सांग.

इफ्फत


खेड,
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय इफ्फत,

हो. केला होता. तुझं पहिलं पत्र यायच्या आठवडाभर आधी.

मी ते तुझ्यापासून लपवलं, आणि ती चूक झाली. त्याला मस्कतला कुणाकडून तरी रावजींची बातमी कळली होती. तो म्हणाला, ‘माझा प्रोग्राम चुकला असणार, पण मी इथून तो उघडला तर लोक म्हणतील पुरावा पुसला. म्हणून मस्कतला आल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. इफ्फतला सांग, तिने फाइल तुला पाठवावी, तू बघ.’ मग तुझं पत्र आलं आणि त्यात तो सरळ आरोपी होता. त्याचा फोन आल्याचं सांगितलं तर तू माझ्याही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीस, असं मला वाटलं. तसंच झालं.

तो खरं बोलला का, याची खात्री मी देऊ शकत नाही. आवाजावरून माणूस कळत नाही. पण कागदावर अक्षराचा नुसता आकार येतो, हे आपण दोघी विसरलो. कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि तो आकडाच बघतो. डोळ्यांना दिसतं ते त्याला दिसत नाही. मी तुझी पानं उतरवली तेव्हा आकडे माझे पडले. तुझ्या कॉम्प्युटरमधले कुठले आहेत, ते मला या पानांवरून कधीच कळणार नाही. मला मूळ फाइल हवी. मेल नको असेल तर पेन ड्राइव्हवर घालून पाठव.

आणि एवढंच लिहून कळव, की ‘आसरा’ हे नाव यादीत कधी आणि कुणी घातलं?

स्वप्ना


कातळबंदर,
२९ नोव्हेंबर २०२४

स्वप्ना,

पेन ड्राइव्ह सोबत आहे. खेडच्या एसटीने अब्बा येत आहेत, त्यांच्याच हाती पाठवते.

बोट आधी ‘बरकत’ होती. पावसाळ्यात युसुफचाचांनी ती नव्याने बांधून घेतली आणि सप्टेंबरात नाव बदललं. नवीन नाव तेव्हाच सोसायटीतून यादीत घातलं गेलं. झुबेर त्या दिवसांत इथेच होता.

लवकर बघ. चाचा १५ डिसेंबरला पोलिसांत लेखी तक्रार देणार आहेत. वकिलाने मसुदा केला आहे, त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. झुबेर डिसेंबरअखेरीला सुट्टीवर यायचा आहे. खालाने काल निरोप पाठवला, की पोरगा विमानातून उतरताच धरला गेला तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. रागाने म्हणाली की रडत, ते निरोप आणणारीने सांगितलं नाही.

इफ्फत


खेड,
५ डिसेंबर २०२४

प्रिय इफ्फत,

सापडलं. हे पत्र घरात एकटी असशील तेव्हा वाच.

तुझ्या फाइलमधल्या बोटींच्या नावांत ‘आ’ हे अक्षर चौदा ठिकाणी आहे. मी प्रत्येकाचा आकडा काढून पाहिला. तेरा ठिकाणी ‘आ’ हे एकच, अख्खं अक्षर आहे. चौदाव्या ठिकाणी ‘अ’ आहे आणि त्याच्यापुढे वेगळा काना. छापले, पडद्यावर पाहिले, तरी दोन्ही हुबेहूब सारखे. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन निराळी नावं. हे चौदावं ठिकाण म्हणजे ‘आसरा’.

युसुफचाचा फोनवर टाइप करत होते ती ‘आसरा’ अख्ख्या आ ची. यादीत होती ती अ आणि काना जोडलेली. प्रोग्रामने यादी शोधली, असं नाव मिळालं नाही, आणि मी तुला लिहिलं होतं तसा तो गप्प पुढे गेला. ते गप्प बसणं झुबेरचं, ते त्याच्या पदरात घालायला हवं. नाव सापडलं नाही असं त्याने नुसतं ओरडायला लावलं असतं, तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पण तो काना त्याचा नाही. तो मराठी फोनसारखं इंग्रजी अक्षरांतून टाइप करतो. त्याने घातलेल्या सगळ्या नावांत आ अख्खा आहे. अ मारून मग काना मारायचा, ही टाइपरायटरची सवय. मशीनवर आ ची वेगळी कळच नसायची. आपल्या वर्गातून मराठी टायपिंगच्या तीसच्या परीक्षेला कोण बसलं होतं, ते तुलाही आठवतं. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर तू अजून कळांच्या त्याच जुन्या जागांनी टाइप करतेस ना? म्हणून तू तिथून टाकलंस की ‘आसरा’ सापडायची. तुझी अ आणि काना, यादीतलीही अ आणि काना. तो तुला ओळखून फसवत नव्हता. तुझंच अक्षर तुझ्या अक्षराला भेटत होतं.

‘सोसायटीतून घातलं गेलं’, असं तू लिहिलंस. कुणी घातलं ते लिहिलं नाहीस. मी दोनदा वाचलं ते वाक्य.

हे मुद्दाम केलेलं नाही, हे मला सांगायची गरज नाही. चांगले चांगले लोक या असल्या जुळ्या अक्षरांपायी आठवडे घालवतात. पण १५ तारीख जवळ आली आहे, आणि हे कुणी बोलायचं ते तुला ठरवायचं आहे. मी परस्पर कुणाला सांगणार नाही, झुबेरलाही नाही. फक्त त्या तक्रारीवर तू सही केलीस, तर मी गप्प राहणार नाही.

तुझीच,
स्वप्ना


कातळबंदर,
३ जानेवारी २०२५

प्रिय स्वप्ना,

एवढे दिवस उत्तर नाही म्हणून तुला काय काय वाटलं असेल. सगळं लिहिते, क्रमाने.

तुझं पत्र ९ डिसेंबरला आलं. मी ते वाचलं, सोसायटीत गेले आणि ती ओळ उघडली. ‘आसरा’ पुसून फोनमधून आणलेलं अक्षर तिथे घालायचं, पाच सेकंदांचं काम होतं. मग कुणालाही कधीच काही सापडलं नसतं, तुझ्याकडच्या पेन ड्राइव्हशिवाय. आणि तू ती फाइल बदलली असशील असं मी म्हणू शकले असते. हो, हेही माझ्या मनात आलं. तुझ्याबद्दल आलं. चार दिवस मी त्या ओळीसमोर रोज जाऊन बसत होते.

तुला एक गोष्ट मी कधीच सांगितली नव्हती. कुणालाच नाही. १२ ऑक्टोबरला सकाळी तुळसा सोसायटीत आली होती. उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिने विचारलं, ‘आसरा’ आली का. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. पडद्यावर बघितलं, न आलेल्या बोटींत नाव नव्हतं. मी तिला म्हटलं, हर्णैला लागली असेल, जा घरी. ती गेली. सोसायटीच्या खिडकीतून जेटी दिसते, स्वप्ना. ‘आसरा’ची जागा रिकामी होती, मला मान वळवायची होती फक्त. रावजीला उतरवलं त्या संध्याकाळपासून मला कुणीतरी हवा होता, ज्याने हे केलं. झुबेर दूर होता आणि त्याच्याकडे कारण होतं. नाव मीच घातलं, हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. त्याच्यात काही असेल असं खरंच वाटलं नव्हतं. पण लिहायलाही धीर झाला नव्हता.

१४ तारखेला मी चेअरमनना सभा बोलवायला लावली. पाटीवर दोन्ही ‘आसरा’ लिहून दाखवले, पण पाटीवर ते एकसारखेच दिसले आणि कुणाला काही कळेना. शेवटी युसुफचाचांचा फोन घेतला, त्यांनाच नाव टाकायला लावलं. आली नाही. मग मी कॉम्प्युटरवरून टाकलं, आली. नाव कुणी यादीत घातलं ते सांगितलं. १२ ऑक्टोबरच्या सकाळचंही सांगितलं. 

 चाचांनी वकिलाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला विचारलं, ‘सभेत मी विचारलं त्या दिवशी हे तुला माहीत होतं?’

मी म्हटलं, ‘अक्षराचं नव्हतं. तुळसाचं होतं.’

ते उठून गेले. तक्रार दिली नाही. माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी राजीनामा दिला होता, समितीने तो पुढच्या सभेपर्यंत ठेवून घेतला आहे. प्रोग्राम आता यादीत नाव मिळालं नाही तर भोंगा वाजवतो. ते झुबेरने तिकडून केलं, चेअरमनशी बोलून, माझ्याशी नाही.

त्याला मी स्वतः फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. माफी मागितली तेव्हा म्हणाला, गप्प पुढे जायचं ते मीच लिहिलं होतं, अर्धं माझंही आहे. मला वाटलं सुटले. मग तो म्हणाला, ‘पण मी सहा फोन केले, इफ्फत. तू एकदा विचारलं असतंस, तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की फाइल स्वप्नाला दे.’ त्याने सुट्टी पुढे ढकलली आहे. नंतर एकदा अम्मीबरोबर मी खालाकडे गेले, तेव्हा तिने मला चहा दिला आणि पूर्ण वेळ अम्मीशी बोलली.

राहिली तुळसा. सभेला ती नव्हती, आणि तिला दुसऱ्याच्या तोंडून कळावं असं मला वाटत नव्हतं. सभा संपल्या संपल्या मी तिच्या वाडीत गेले. ती अंगणात भात वारवत होती. सूप खाली ठेवून तिने ऐकलं. अक्षराचं मी सांगू लागले तर तिने हात वर केला.

‘ता माका कळूचा नाय. एवढंच सांग. त्या सकाळी बोटी सुटल्या असत्या, तर ह्ये वाचले असते?’

युसुफचाचांनी सांगितलं होतं, की रावजी १३ ऑक्टोबरच्या दुपारपर्यंत बोलत होता. त्यांना वाटेत सोडवता आलं असतं की नाही, वारा कुठला होता, अंतर किती होतं, मला शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या.

‘हो,’ मी म्हटलं.

 मला वाटलं ती शिव्या देईल, हाकलून देईल. दिलं असतं तर बरं झालं असतं. तिने सुपातले चार दाणे खाली टाकले, पुन्हा उचलले. मग विचारलं, ‘झुबेरच्या आयशीला सांगितलंस?’

अजून नाही, इथून तिकडेच जाणार आहे, असं मी म्हणाले.

‘मग तू मागनं जा.’ ती उठली, अंगणातल्या बादलीत हातपाय धुतले, घरात जाऊन लुगडं बदलून आली. ‘म्हयनाभर मी त्या बाईच्या दारावरनं तोंड फिरवून गेले. तिनं काय केलं होतं?’

मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाली. मी तिच्या अंगणात उभी राहिले आणि ती उतरणीने मोहल्ल्याकडे गेली. तासाभराने मी पोचले तेव्हा दोघी खालाच्या ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून दोघी बोलायच्या थांबल्या. काय बोलणं झालं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

इफ्फत